जँगोचं पहिलं पुस्तक: आधी आवृत्ती बघ, मग पानं

प्रश्न: मी बीएस्सी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथनमधली फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी आणि थोडेफार क्लास येतात. आता जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बांधायची फ्रेमवर्क) शिकायचं आहे. माझ्यासमोर तीन पुस्तकं आहेत: एक जुनं, पण सगळे नावाजतात असं, एक साडेसातशे पानांचं, आणि एक तीन प्रोजेक्ट करून दाखवणारं. यातलं कोणतं घेऊ?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: तिन्ही पुस्तकांत आधी एकच गोष्ट शोध. ते जँगोच्या कोणत्या आवृत्तीवर लिहिलंय? छपाईच्या वर्षावर जाऊ नकोस. पुनर्मुद्रण ताजं आणि आतला कोड जुना, असं होऊ शकतं. प्रस्तावनेत किंवा इन्स्टॉलेशनच्या प्रकरणात आवृत्तीचा आकडा सापडतो. नाहीच सापडला तर यूआरएलचं प्रकरण उघड. तिथे 'पाथ' हे फंक्शन वापरलं असेल तर पुस्तक २.० किंवा त्यानंतरचं आहे. सगळीकडे 'यूआरएल' हे फंक्शन आणि रेग्युलर एक्सप्रेशनची (मजकुराचा नमुना सांगणारी) चिन्हं दिसली तर ते बहुधा त्याआधीचं.

मी यावर एवढा भर देतोय, कारण जुना कोड अडला की जाणकार माणूस दोन मिनिटांत दुरुस्त करतो, पण नवशिक्याला चूक आपली की पुस्तकाची हेच कळत नाही. दोन उदाहरणं देतो. जँगो २.० डिसेंबर २०१७ मध्ये आलं आणि फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी जोडणारं फील्ड) लिहिताना 'ऑन डिलीट' (जोडलेली नोंद पुसली तर काय करायचं) देणं सक्तीचं झालं. त्याआधीच्या पुस्तकातलं मॉडेल (डेटाबेसच्या टेबलाचं वर्णन करणारा क्लास) जसंच्या तसं टाइप केलंस तर एक आर्ग्युमेंट कमी आहे अशी एरर येते. ही निदान कारण तरी सांगते. दुसरं उदाहरण जास्त फसवं आहे. जुन्या पुस्तकांत लॉगआउटसाठी साधी लिंक दिलेली असते. ५.० पासून जँगोचा तयार लॉगआउट व्ह्यू (रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड) फक्त पोस्ट रिक्वेस्ट स्वीकारतो, आणि लिंक गेट रिक्वेस्ट पाठवते, त्यामुळे त्या लिंकवर क्लिक केलं की ४०५ (ही पद्धत चालत नाही) एरर. लिंकच्या जागी सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) असलेला छोटा फॉर्म आणि बटण लागतं. पुस्तकातली ओळन्‌ओळ बरोबर उतरवूनही हे घडतं आणि मुलं स्वतःलाच दोष देत बसतात.

तेव्हा नावाजलेलं जुनं पुस्तक १.x वरचं असेल तर ते सोड.

मात्र अगदी ताज्या आवृत्तीचाही अट्टहास नको. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते. पुस्तकं त्या वेगाने निघत नाहीत. ४.२ आणि ५.२ या दीर्घकालीन पाठबळाच्या (दुरुस्त्या जास्त काळ मिळाव्यात म्हणून काढलेल्या) आवृत्त्या आहेत, ४.२ चं पाठबळ एप्रिल २०२६ पर्यंतचं; त्यातल्या कोणत्याही एकीवरचं पुस्तक शिकायला चालेल. फक्त व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरता पायथनचा वेगळा कप्पा) करून पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) पुस्तकातलीच आवृत्ती आकडा देऊन बसव. आकडा न देता बसवलंस तर सर्वांत नवी आवृत्ती येते आणि वरचे घोळ सुरू होतात. पायथनही जुळायला हवं: ५.२ ला किमान ३.१० लागतं.

आता साडेसातशे पानांचं. ते संदर्भासाठी उत्तम, पण पहिलं पुस्तक म्हणून नको. मॉडेल फील्डचे सगळे प्रकार ओळीने वाचून अ‍ॅप उभं राहत नाही.

राहिलं प्रोजेक्टवालं. मी हेच घे म्हणेन, पण तीन जागा तपासून. पहिली, मायग्रेशन. 'मेकमायग्रेशन्स' मॉडेलमधल्या बदलाची फाइल तयार करते आणि 'मायग्रेट' तो बदल डेटाबेसमध्ये उतरवते. हा फरक न सांगता दोन कमांड नुसत्या टाइप करायला लावणारं पुस्तक पुढे तुला अडकवेल. दुसरी, युजर मॉडेल. नव्या प्रोजेक्टमध्ये स्वतःचं कस्टम युजर मॉडेल हवं असेल तर ते सुरुवातीलाच करावं, कारण टेबलं तयार झाल्यावर ते बदलणं फार किचकट होतं. पुस्तक हे पहिल्या मायग्रेशनच्या आधी करत असेल तर लेखकाने खरी कामं केलेली आहेत असं समज. तिसरी, डिप्लॉयमेंट, म्हणजे साइट खऱ्या सर्व्हरवर चढवणं. डीबग (चुकांचा तपशील दाखवणारी सेटिंग) बंद केल्यावर 'रनसर्व्हर' (जँगोचा सरावाचा सर्व्हर) स्टॅटिक फाइल्स (सीएसएस, चित्रं वगैरे) देणं थांबवतो आणि साइटची सीएसएस गायब होते. याचा उलगडा नसलेलं पुस्तक तुला लोकलहोस्टवरच, म्हणजे स्वतःच्या संगणकावरच, सोडून देतं.

टेस्टिंगचं प्रकरण असेल तर दुधात साखर.

विकत घेण्याआधी जँगोच्या संकेतस्थळावरचं मतदानाच्या अ‍ॅपचं मोफत ट्यूटोरियल कर. त्याचे आठ भाग आहेत. चौथ्या भागापर्यंत मॉडेल, व्ह्यू, टेम्प्लेट (पानाचा एचटीएमएल साचा) आणि फॉर्म होतात. तिथे सेल्फ, इन्हेरिटन्स किंवा इम्पोर्ट अडले तर कमतरता पायथनची आहे. आधी ती भरून काढ, पुस्तक थांबेल. एचटीएमएल फॉर्म, गेट-पोस्टमधला फरक आणि एसक्यूएलचा जॉइन (दोन टेबलं जोडणं) हेही याच वेळी पक्कं कर. मुलाखतीत हेच विचारतात, आणि फ्रेमवर्क बदललं तरी ते उपयोगी पडतं.

पुस्तक वाचताना कोड कॉपी-पेस्ट करू नकोस. प्रत्येक प्रकरण संपलं की मॉडेलमध्ये एक फील्ड स्वतःच्या मनाने वाढव आणि ते फॉर्मपासून टेम्प्लेटपर्यंत पोहोचव. तीनपैकी एक प्रोजेक्ट झाला की पुस्तक मिटून त्याच धर्तीवर वेगळ्या विषयाचा दुसरा बांध. अडलीस तरच पान उघड. बायोडेटात लिहायचा प्रोजेक्ट हा. पुस्तकातले तिन्ही लिहू नकोस, ते इतर अनेकांच्या बायोडेटात असतात.