'ईएनटीच आवडतं ना, मग डॉक्टरच हो!'

पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं आहे. मुलगी २३ वर्षांची. बारावीनंतर दोनदा नीट दिली, एमबीबीएस हुकलं, त्याच गुणांवर बीएएसएलपीला म्हणजे श्रवण आणि वाचा उपचारांच्या पदवीला प्रवेश मिळाला. आता रुग्णालयातली इंटर्नशिप संपत आली आहे. तिला तिथेच राहून लहान मुलांच्या श्रवणदोषांवर संशोधन करायचंय. वडील विचारतात, 'कानाचंच आवडतं तर ईएनटी डॉक्टर हो म्हणतो मी. तिसऱ्यांदा नीटला कशी तयार करू? नाहीच ऐकलं तर सहा महिन्यांचा क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा करून द्यावा का?'

नमस्कार. तुमच्या दोन पानी पत्रात 'नातेवाइकांना काय सांगू' हे वाक्य तीनदा आलंय. मुलीचं म्हणणं एकदाच आलंय, आणि तेही तिनं स्वतः समासात निळ्या पेनानं लिहिलंय : 'पहिल्या श्रवण तपासणीत नापास झालेली बाळं परत येत नाहीत. का येत नाहीत, ते मला शोधायचंय.'

ती ओळ मी चार वेळा वाचली. 'मला रिसर्च करायचाय' म्हणणारी मुलं माझ्याकडे रोज येतात. कशावर, असं विचारलं की गप्प होतात. तुमच्या लेकीकडे प्रश्न तयार आहे आणि तो तिनं वॉर्डात उभं राहून पाहिलेला आहे. त्याच पानावर तुम्ही मात्र तिच्या चार वर्षांच्या शिक्षणाला 'ते स्पीचचं' म्हणून मोकळे झालात. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी एका परीक्षेत कमी पडलेली मुलगी तुमच्या मनात अजून तिथेच उभी आहे, याची मला जास्त काळजी वाटते. त्यानंतर तिनं किती रुग्ण तपासले, हे तुम्ही कधी विचारलंत का?

तिसऱ्या नीटचा हिशेब मांडू. तयारीला एक वर्ष, एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, पीजीची परीक्षा, मग एमएसची तीन वर्षं. सगळं पहिल्या फटक्यात जमलं तरी तिच्या वयाचं तेहेतिसावं वर्ष उजाडेल. तिला स्वतःला शस्त्रक्रिया करायच्या असत्या, तर मी म्हटलं असतं, दे परीक्षा. तिला त्या करायच्याच नाहीत. त्यामुळे नीटचा विषय माझ्यापुरता इथे संपला.

आता तुमचा एक गैरसमज, कारण तो अनेक घरांत आहे. रुग्णालयात संशोधन करतात ते डॉक्टर आणि बाकीचे हाताखालचे, असं तुम्ही लिहिलंय. कानाच्या बाबतीत ते खरं नाही. फाटलेल्या पडद्यावर सर्जन शस्त्रक्रिया करतात, पण ऐकणं किती सुधारलं याचा पुरावा म्हणजे आधीचा आणि नंतरचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचंच बघा. कॅनामायसिन, अमिकासिनची इंजेक्शनं महिनोन्महिने घेताना अनेकांचं ऐकणं गेलं, आणि गेलेलं परत येत नाही. नुकसान आधी वरच्या, तीव्र स्वरांत सुरू होतं. रुग्णाचं बोलणं-चालणं नीट असतं आणि आलेखाची रेघ मात्र खाली उतरायला लागलेली असते. ती रेघ पकडायला ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे तुमच्या लेकीसारखा श्रवणतज्ज्ञ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये कॅनामायसिन बाजूला ठेवून बेडाक्विलिनच्या गोळ्यांना पुढे आणलं, त्यामागे या बहिरेपणाचं कारण मोठं होतं. अशी मोजमापं करणाऱ्या माणसाला मी तरी हाताखालचा म्हणणार नाही.

माझ्या नातवाची बेरा तपासणी झाली तेव्हा मी खोलीत होतो. आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का, हे त्यात बघतात. बाळ झोपलेलं लागतं, म्हणून सुनेनं त्याला तिथेच पाजलं. दिवे मंद केले. कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवल्या आणि कानात बारीक टकटक सुरू झाली. ती मुलगी, तुमच्या लेकीच्याच वयाची असेल, यंत्राच्या पडद्यावर त्या प्रतिसादाच्या आलेखातली पाचवी लाट शोधत होती. आवाज कमी करत न्यायचा आणि ती लाट कुठवर दिसते ते पाहायचं. मध्येच बाळ चुळबुळलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दीड तासात ती एकदाही वैतागली नाही. जन्मतः कमी ऐकणाऱ्या बाळाचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असं मानतात. उशीर झाला की भाषा मागे पडते. परत न येणारी बाळं हा म्हणूनच मोठा प्रश्न आहे.

डिप्लोमाचे पैसे वाचवा. त्यातून फार तर कागदपत्रं सांभाळायचं काम मिळेल. तिच्या पदवीपुढे त्याची किंमत नाही. तिनं या व्यवसायाची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावं आणि याच विषयातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची वाक् श्रवण संस्था, दोन्हीकडे प्रवेशाचा प्रयत्न करावा. तिथला प्रबंध हेच तिचं पहिलं संशोधन.

मुली, तुलाही स्पष्ट सांगतो. प्रकल्पातल्या नोकऱ्या कंत्राटी असतात. निधी संपला की नोकरी संपते, आणि पगार बेताचा. म्हणून आधी पदव्युत्तर पदवी, मग प्रकल्प. तोवर विभागप्रमुखांना तुझा प्रश्न एका पानावर लिहून दे. नैतिकता समितीची परवानगी मिळेपर्यंत रजिस्टरमधलं एकही नाव वहीत उतरवू नकोस. आणि पहिला फोन त्या आईला करशील तेव्हा 'का आला नाहीत?' असं विचारू नकोस. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सासूचं 'आमच्यात मुलं उशिराच बोलतात', यातलं काय आडवं आलं, ते तिचं तिला सांगू दे.

दादा, नातेवाइकांना सांगा की मुलगी ऑडिओलॉजिस्ट आहे. आणि इंटर्नशिप संपायच्या आत एक दिवस रजा काढून तिच्या विभागाबाहेरच्या बाकावर जाऊन बसा. शेजारी मांडीवर बाळ घेतलेल्या बाया असतील. दार उघडलं की त्या कोणाच्या तोंडाकडे बघतात, ते बघा.