दोन थेंब म्हणजे किती?

गेल्या अंकात डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांच्या रोजच्या देखभालीवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या निम्म्या पत्रांत तेल आहे. नाकातलं, कानातलं, तोंडातलं, तळपायाचं. तेव्हा या खेपेला तेलाचंच बघू.

प्रश्न : बाळ दीड महिन्याचं आहे. न्हाऊ घालणाऱ्या मावशी टाळू भरतात आणि मग नाकाकानात तेलाची धार सोडतात. बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात. सासूबाई म्हणतात, ‘आयुर्वेदात आहे.’ कुणाचं ऐकू? (कराड)

डॉक्टरांचं. सासूबाईंना रागवायचंच असेल तर माझ्यावर रागावू देत.

आयुर्वेदात काय आहे तेही सांगते, कारण हे ‘आयुर्वेदात आहे’ मी आठवड्यातून चारदा ऐकते. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला विसावा अध्याय नस्याचा, म्हणजे नाकात तेल-औषध घालण्याचा. वाग्भटांनी तिथे सरळ लिहिलंय की सात वर्षांच्या आत नस्य नको आणि ऐंशीच्या पुढेही नको. आता एखादा जाणकार म्हणेल की त्याच अध्यायात प्रतिमर्श, म्हणजे रोजचं अगदी थोड्या तेलाचं नस्य जन्मापासून मरेपर्यंत चालतं असंही आहे. आहे ना! पण प्रतिमर्शाचं माप दोन बिंदूंचं. धार सोडा असं कुठेच नाही.

त्यातून मावशी तेल घालतात तेव्हा बाळ रडत असतं आणि रडता रडता जोरात श्वास ओढतं. तेल श्वासनलिकेत उतरायला तेवढं पुरतं. तेल बोचत नाही, त्यामुळे खोकलाही पटकन येत नाही. ते फुप्फुसात जाऊन बसतं आणि त्यातून न्युमोनिया होतो. म्हणून तान्ह्या बाळाला मी ते दोन बिंदूही घालत नाही. इथे ग्रंथाची परवानगी असली तरी मी ती वापरत नाही.

कानातही नको. अंगाला मालीश मात्र खुशाल करू दे. टाळूवर तेलाचा हात फिरला तर चालेल, दाबायचं नाही. मावशींशी भांडू नका, त्या वर्षानुवर्षं हेच करत आल्यात. ‘मावशी, नाकाचं राहू दे, पायाला दोन हात जास्त लावा,’ असं म्हणून बघा.

प्रश्न : दिवसभर एसीत बसून नाक कोरडं पडतं, खपल्या धरतात. नाकात तेल घालावं का? दोन थेंब म्हणजे ड्रॉपरचे दोन का? (पिंपरी)

घाला. तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण तो सहसा कुणी विचारत नाही. ग्रंथातला बिंदू ड्रॉपरचा नव्हे. तर्जनीची दोन पेरं तेलात बुडवून बोट वर काढायचं, त्यावरून जो थेंब पडेल तो बिंदू. प्रत्येक नाकपुडीत असे दोन.

रोजच्यासाठी मी त्याहून सोपं सांगते. करंगळीचं नख कापलेलं असू दे. ती तिळाच्या तेलात बुडवा, नाकपुडीच्या आतून हलकी फिरवा, जरासं ओढा आणि घशाशी आलेलं थुंकून टाका. गिळू नका. अणुतेल वापरलंत तरी चालेल. चरकांनी सांगितलेल्या या तेलाचे दहा पाक करायचे असतात, शेवटचा शेळीच्या दुधात. घरी करायच्या भानगडीत पडू नका.

वेळेचं म्हणाल तर प्रतिमर्शाच्या पंधरा वेळा दिल्यात. सकाळी उठल्यावर, दात घासल्यावर, प्रवासाहून आल्यावर आणि चक्क हसून झाल्यावरसुद्धा! ऑफिसात हसणं कितपत होतं ठाऊक नाही, म्हणून तुम्ही सकाळचीच धरा. जुनाट, घट्ट वाहणारी सर्दी असेल तर मात्र थांबा. आणि खपल्यांबरोबर वारंवार रक्त येत असेल किंवा वासच येईनासा झाला असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, तेलाचं नंतर.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, कमी ऐकू येतं. कानात रोज कोमट तेल घातलं तर बहिरेपणा जातो असं वाचलं. (नांदेड)

कर्णतर्पण, म्हणजे कानात तेल घालणं, नित्य केलं तर बहिरेपणा होत नाही, असं चरकांनी म्हटलंय. होत नाही आणि गेला, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. वयामुळे आतली नस थकली असेल तर तेल तिथवर पोचतच नाही. पडदा मध्ये असतो. आणि पडद्याला भोक असेल तर ते नको तिथे पोचतं.

माझीच गोष्ट सांगते. दवाखाना टाकला त्या वर्षी मामा आला, म्हणाला कान कोरडा पडलाय, तेल घाल. जानेवारीतली सकाळ, बाटली खिडकीत. दुर्बिणीने कान बघितला, पडदा शाबूत होता. तेवढ्यावर समाधान मानून मी त्याला कुशीवर झोपवलं आणि बाटलीतलं गार तेल तसंच सोडलं. मामा दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून ओरडायला लागला, ‘अगं, खोली फिरतेय!’ मग उलटी. पाच-सात मिनिटांत निवळलं, पण मामीने पुढे वर्षभर मला चहा पाजला नाही. तोल सांभाळणारा अवयव कानाच्या आतच असतो. गार किंवा जास्त गरम काही कानात गेलं की तो बिथरतो. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं.

तेव्हापासून पहिला थेंब माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पडतो. गार किंवा गरम काहीच वाटलं नाही, तरच पुढचा पेशंटच्या कानात. तुम्ही वडिलांची आधी श्रवणचाचणी करून घ्या. कानात मळाचा बोळा असेल तर तो निघाल्यावरच पुष्कळ फरक पडेल. नसेल, तर कानाचं यंत्र घ्यायला लावा. लाजतात, पण घ्यायला लावा. नुसतं तेल घालत बसलात तर वर्ष निघून जाईल.

प्रश्न : काशाच्या वाटीने तळपाय घासले की काळं निघतं. ती अंगातली उष्णता का? रोज घासलं तर चष्म्याचा नंबर उतरेल का? (चिपळूण)

काळं निघतं ते वाटीचं. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप लावून घासलं की धातू झिजतो आणि तुपात मिसळून काळा दिसतो. पटत नसेल तर जुन्या धोतराचा तुकडा पाटावर ताणा, तूप लावा आणि त्याच वाटीने पाच मिनिटं घासा. तोही काळवंडेल. धोतरात कसली आलीय उष्णता!

पण म्हणून वाटी माळ्यावर टाकू नका. अभ्यंग रोज करा, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष, असं वाग्भट सांगतात. पायाच्या अभ्यंगाने दृष्टी प्रसन्न होते असं चरक म्हणतात. प्रसन्न म्हणजे काय, तर दिवसभर स्क्रीनकडे बघून चुरचुरणारे डोळे रात्री शांत मिटतात, झोप लागते. एवढं मी माझ्या पेशंटमध्ये बघितलंय. नंबर उतरलेला बघितला नाही.

कुडाळला आमची आजी तुपाऐवजी मुठेल वापरायची. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, मुठीत दाबून वळलेला गोळा, बोटांचे ठसे तसेच. चुलीशेजारी पत्र्याच्या डब्यात असायचा. काडेपेटीच्या काडीवर तुकडा धरून विरघळवायची आणि भेगांत भरायची. तिच्या पायाला चटका बसत नसे, माझ्या बसे. घरात मधुमेहाचे पेशंट असतील तर त्यांना वाटी अगदी हलक्या हाताने, आणि आधी उजेडात तळवे नीट बघून. पाय बधिर असला तर घासताना सालपट निघालेलं कळत नाही.

प्रश्न : बाजारातला सुरमा मुलीला घालू का? (सोलापूर)

नको. त्यात शिसं असू शकतं, आणि मुलं डोळे चोळून तीच बोटं तोंडात घालतात.

प्रश्न : ऑइल पुलिंग वीस मिनिटं करावं असं रीलमध्ये सांगतात. खरं का? (पुणे)

तोंडात तेल धरण्याचे आपल्याकडे दोन प्रकार आहेत. तोंडात हलवता येईल एवढं घेतलं तर कवल, हलवताच येणार नाही इतकं तोंड भरून धरलं तर गंडूष. घड्याळ लावलेलं नाही. तोंड कफाने भरलं किंवा नाकाडोळ्यांना पाणी आलं की थुंका. मला स्वतःला ते चार-पाच मिनिटांतच येतं. तिळाचं तेल घ्या, आणि नंतर ब्रश करायचाच. किडलेला दात याने बरा होत नाही.

खोबरेल वापरत असाल तर पुण्याच्या डिसेंबरात बेसिनमध्ये थुंकू नका. ते पाइपात गोठतं. जुन्या वर्तमानपत्राच्या पुडीत थुंका आणि कचऱ्यात टाका. आमच्या प्लंबरने हे मला साडेआठशे रुपये घेऊन समजावलं.