पोलीस भरतीची तयारी करतोय. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी व्हावा म्हणून लसणाच्या कॅप्सूल घेऊ का?

नको घेऊ.

तू लिहिलंयस की रोज पहाटे हायवेच्या कडेनं पळतोस, १६०० मीटरचा टाइम एका जागी अडकलाय आणि जिममधला एक जण कॅप्सूलचा डबा गळ्यात मारतोय. त्याचं अर्धं बोलणं खरं आहे. पळताना स्नायूंमध्ये फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, वाढतात, हे १९८२ सालीच दाखवून झालंय. ते फार झाले की त्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. पण त्या त्रासावरूनच शरीराला कळतं की गडी आता रोज पळणार, आणि ते आपले स्वतःचे बंदोबस्ताचे एन्झाइम वाढवतं. जर्मनीत २००९ साली तरुण पोरांवर एक प्रयोग झाला. चार आठवडे व्यायाम, सोबत काहींना रोज एक ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई, दोन्ही फ्री रॅडिकल्स मारणारी. व्यायामामुळं इन्सुलिनचं काम सुधारतं, ते गोळ्या न घेणाऱ्यांत सुधारलं, घेणाऱ्यांत नाही. म्हणजे घाम गाळला आणि वर पैसे देऊन त्याचा फायदा घालवला. लसूण वेगळा, मान्य. त्यावरच्या छोट्या प्रयोगांत रक्तातले ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचे काही आकडे खाली आलेलेही दिसतात. पण भरतीच्या ग्राउंडवर तुझं रक्त कोण तपासतंय? तिथं घड्याळ बघतात.

आता मी एवढी का तापते ते सांगते. परभणी जिल्ह्यात आमचं मेडिकल आहे, काउंटरला मीच असते. आमचे धाकटे भाऊजी साखळीचा धंदा करतात. आपण घ्यायचं, खाली चार जणांना लावायचं, तो. त्यांनी सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, लसणाच्या कॅप्सूल चालू केल्या. आप्पांना स्टेंट बसलेला, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "आप्पा, हे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको." भाऊजी हसले. "वहिनी, लसूण आहे तो, लसूण! तुमच्या दुकानातला माल खपत नाही म्हणून कामून पोटात दुखतंय?" आत्याबाईंसमोर बोलले हे.

पुढं आप्पांची दाढ काढली. दातांच्या डॉक्टरनं विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? आप्पांनी स्टेंटच्या सगळ्या सांगितल्या, कॅप्सूल नाही सांगितली. लसूण काय औषध असतंय का! दुपारी दाढ काढली आणि संध्याकाळ झाली तरी रक्त थांबेना. कापसाचा बोळा दाबून धरला की दहा मिनिटांत लाल. उशीवर जुनं धोतर अंथरलं, तेही भिजलं. रात्री परत दवाखान्यात नेऊन टाके घातले तेव्हा थांबलं. भाऊजींना फोन केला तर ते मीटिंगला नांदेडला.

लसणानं रक्त गोठायचं कमी होतं, हे डॉक्टर लोक जाणून असतात. ऑपरेशनच्या आधी आठवडाभर तरी लसणाच्या गोळ्या बंद करायला सांगतात ते त्यामुळंच. भाऊजींचा आजही एकच हेका: मग ठेचा खाणाऱ्या मराठवाड्यात कुणाचंच रक्त थांबलं नसतं! अहो, ठेच्यात किती पाकळ्या पडतात आणि ताटात किती येतो? गावरान लसणाची पाकळी नखाएवढी असते. कॅप्सूलमध्ये अर्क असतो, रोज, मोजून, महिनोन्‌महिने. आणि त्याच डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं की हे औषध म्हणून वापरायचं नाही. मी ते भाऊजींना वाचून दाखवलं. चष्मा घरी राहिला म्हणाले.

तुला लसूणच खायचा असेल तर खा की. पण पाण्यासोबत अख्खी पाकळी गिळू नको, त्याचा फारसा उपयोग नाही. लसणातलं ॲलिसिन ठेचल्यावरच तयार होतं, म्हणून तर सोलेपर्यंत वास नसतो आणि खलबत्त्यात पडला की घरभर होतो. फोडणीत घालायचा असेल तर ठेचून दहा मिनिटं तसाच ठेव. ठेचल्याबरोबर कढत तेलात टाकला तर ते बनवणारं एन्झाइमच मरतं. बाकी डब्याच्या पैशात शेंगदाणे, अंडी, दूध घे. टाइम अडकलाय तो बहुतेक रोज एकाच वेगानं पळतोस म्हणून. आठवड्यातून दोनदा ४०० मीटरचे तुकडे जोरात मार, मधे दम घे, आणि एक दिवस पूर्ण आराम कर.

हां, एक राहिलं. आप्पांच्या मूळच्या गोळ्यांनीही रक्त वाहतंच, त्यामुळं सगळा दोष कॅप्सूलचाच असं मी कोर्टात सांगू शकणार नाही. आणि तुझ्यासारख्या धडधाकट पोरानं डबाभर खाल्ल्या तर तोंडाचा वास आणि पोटात जळजळ यापलीकडं बहुतेक काही होणार नाही. तरी दात काढायचा असला, काही ऑपरेशन असलं, तर डॉक्टरला सांग.

भाऊजी, तुम्ही हे वाचणारच. येत्या लग्नात पाव्हण्यांना डबे दाखवायच्या आधी धोतराचे पैसे आत्याबाईंकडं द्या.