आरसा काळा का दिसतो?

प्रश्न : वस्तूवर पडलेला प्रकाश परावर्तित होऊन डोळ्यांत येतो म्हणून वस्तू दिसते, असं मी सातवीतल्या मुलीला समजावलं. ती म्हणाली, "मग आरसा सगळ्यांत ठळक दिसायला हवा. पण आरशात आपण दिसतो, आरसा कुठे दिसतो?" तिला काय सांगू?

उत्तर : तिची शंका अगदी रास्त आहे. परावर्तित प्रकाश नुसता निघून चालत नाही, तो आपल्या डोळ्याच्या दिशेने यावा लागतो. हे सांगण्यापेक्षा दाखवा.

रात्री खोलीत पूर्ण काळोख करा. जमिनीवर कोरा पांढरा कागद ठेवा आणि त्यावर तळहाताएवढा, स्वच्छ पुसलेला सपाट आरसा. मीटरभर उंचीवरून टॉर्च सरळ खाली धरा, म्हणजे झोत आरशावरही पडेल आणि कागदावरही. मुलीला दोन मीटर लांब, बाजूला बसवा. तिला कागद लख्ख दिसेल आणि त्याच्या मधोमध आरशाचा काळा चौकोन. आता छताकडे बघा. तिथे उजेडाचा ठिपका पडलेला असेल. आरशाचा प्रकाश तिकडे गेला आहे.

आरसा काळ्याऐवजी करडा दिसला, तर तिच्या समोरच्या भिंतीवर कागदाचा आणि छताचा उजेड पडून ती भिंत आरशात दिसते आहे. त्या बाजूला गडद चादर टांगा. मोबाइलचा टॉर्च वापरू नका, त्याचा प्रकाश फार पसरतो. आरशावर धूळ असेल तर तीही चमकते.

कागद मात्र कुठूनही बघा, दिसतोच. त्याचे तंतू वेड्यावाकड्या दिशांना असतात, त्यामुळे प्रत्येक किरण वेगळीकडे जातो. काही प्रकाश तंतूंच्या आत शिरून, वळणं घेत बाहेर पडतो. याला आपण अनियमित परावर्तन म्हणतो, पण या नावामुळे मुलं हमखास फसतात आणि 'इथे परावर्तनाचा नियम लागू होत नाही' असं लिहितात. पृष्ठभागावरून उसळणाऱ्या प्रत्येक किरणाचा आपतन कोन आणि परावर्तन कोन इथेही सारखाच असतो. अनियमित असतो तो पृष्ठभाग.

गुळगुळीत कशाला म्हणायचं, तेही प्रकाशच ठरवतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर. पृष्ठभागाचे उंचवटे याहून पुष्कळ लहान असतील तरच स्वच्छ प्रतिमा मिळते. चिंच लावून काथ्याने घासलेलं पितळी ताट झळाळतं, पण चेहरा त्यात पुसटच दिसतो. चिंचेने काळेपणा जातो, काथ्याचे ओरखडे मात्र राहतात.

प्रश्न : पावसात रात्री गाडी चालवताना रस्ता दिसेनासा होतो आणि समोरच्या गाड्यांचे दिवे मात्र डोळ्यांवर येतात. जास्त प्रखर दिवे बसवावेत का?

उत्तर : नको. कोरडं डांबर खडबडीत असतं, त्यामुळे तुमच्या दिव्यांचा थोडा प्रकाश तुमच्याकडे परत येतो आणि रस्ता दिसतो. पाऊस पडला की खळगे पाण्याने भरतात, वर सपाट थर बनतो आणि बराचसा प्रकाश आरशासारखा पुढे निघून जातो. समोरच्या गाडीचा प्रकाश याच रीतीने तुमच्या डोळ्यांत शिरतो. दिवे प्रखर केलेत तर जादा प्रकाशही पुढेच जाईल आणि समोरच्या चालकाला दिपवेल.

रस्त्यावरचे पांढरे पट्टेही अशा वेळी दगा देतात. त्यांच्या रंगात काचेचे बारीक मणी असतात. ते प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात, पण पाण्याखाली गेले की त्यांचं हे काम जवळजवळ थांबतं. दिवे लो बीमवर ठेवा, वायपरचं झिजलेलं रबर बदला आणि पुढची काच आतूनही पुसा, कारण तिच्यावरच्या तेलकट थरामुळे प्रकाश फाकतो. आणि वेग कमी ठेवा. तुम्हाला खरोखर कमी दिसत असतं.

प्रश्न : चंद्र एवढा पांढरा कसा? तिथली माती पांढरी आहे का?

उत्तर : नाही, चांगली गडद करडी आहे. पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम 12 टक्के प्रकाश चंद्र परत पाठवतो, म्हणजे साधारण जुन्या, झिजलेल्या डांबरी रस्त्याइतका. भोवतालचं आकाश काळंकुट्ट असल्यामुळे तेवढाही आपल्याला पांढराशुभ्र वाटतो. सकाळी उशिरापर्यंत चंद्र आकाशात असेल, त्या दिवशी तो ढगाशेजारी कसा फिका दिसतो ते बघा.