ट्रेझरर झालीस ना, मग आधी हे वाच

अगं, तुझा मेसेज मिळाला. रोटरी क्लबने तुला ट्रेझरर केलं आणि तुला वाटतंय की बाकीचे समाजसेवा करणार आणि तू पावत्या फाडणार. तसं नाहीये ते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी बँकेतली खाती बघ. दोन हवीत. मेंबरांच्या वर्गणीतून मीटिंग, हॉल, चहापाणी. आणि लोकांकडून जमवलेला पैसा वेगळ्या खात्यात, तो फक्त कामाला. लायन्स क्लबांमध्ये तर हा नियमच आहे. "तात्पुरते इकडचे तिकडे फिरवू, पुढच्या महिन्यात टाकू परत" असं कोणी म्हणालं, अगदी प्रेसिडेंट म्हणाले तरी, सरळ नाही म्हण. वाईटपणा येतो, येऊ दे.

आता तू विचारलंस ते, जवळच इतकी गरज असताना पैसे बाहेरच्या देशात कशाला? मीही हेच भांडायचो. पण रोटरीचं गणित बघ, रोटरीची देणग्या सांभाळणारी संस्था म्हणजे फाउंडेशन, तिच्या ॲन्युअल फंडात आपण जे देतो ते तीन वर्षं गुंतवलेलं राहतं आणि मग त्यातलं जवळपास निम्मं आपल्याच डिस्ट्रिक्टला, म्हणजे आपल्या भागातल्या रोटरी क्लबांच्या गटाला, वापरायला मिळतं. ग्लोबल ग्रँट, म्हणजे मोठ्या कामांसाठी फाउंडेशनकडून मिळणारं अनुदान, हवी तर प्रोजेक्ट किमान 30 हजार डॉलरचा लागतो आणि जिथे काम होणार तिथला क्लब नि दुसऱ्या देशातला क्लब असे दोघं लागतात, म्हणजे आज आपण कोणाचे तरी पार्टनर, उद्या कोणीतरी आपलं. आणि काही कामं एकट्यादुकट्या क्लबच्या आवाक्यातलीच नसतात, पोलिओच घे ना. रोटरीने 1985 मध्ये ते हाती घेतलं, 1988 मध्ये सव्वाशे देशांत वर्षाला साधारण साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत होता, आता ते प्रमाण 99 टक्क्यांहून जास्त खाली आलंय. त्यात सरकारं होती, डब्ल्यूएचओ होतं, युनिसेफ होतं, पण क्लबांनी जमवलेला पैसाही होताच.

बाकी जवळच्या कामात आम्ही एकदा सॉलिड तोंडावर पडलो. एका शाळेला पाण्याचा फिल्टर दिला, फीत कापली, फोटो काढले, आणि वर्षभराने सहज गेलो तर फिल्टरवर खडूचे खोके रचलेले आणि नळाला पॅकिंगचं प्लास्टिक तसंच! पाण्याला प्रेशरच नव्हतं, फिल्टर चालणार कसा. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही विचारलंच नाहीत." ग्लोबल ग्रँटला आधी गरजेची पाहणी करायलाच लागते ना, ती कागदपत्रं करताना आधी जाम वैताग यायचा मला, त्या दिवसानंतर नाही आला. तू छोट्या प्रोजेक्टलाही पाहणी झाल्याशिवाय चेकवर सही करू नकोस. आणि बजेटमध्ये दुरुस्तीचे पैसे धर, ते सगळे विसरतात.

रविवारपर्यंत दोन्ही खात्यांची स्टेटमेंटं पाठव, एकत्र बघू. खातं एकच निघालं तर रविवारची वाट बघू नकोस, लगेच फोन कर.