कार्बन डायऑक्साइडच्या प्लाझ्माचं तापमान लेसरने कसं मोजतात?

अंबड एमआयडीसीत सीओटू वेल्डिंगचा आर्क पाहिला असेल (काचेतूनच, अशी आशा!), तर असा प्लाझ्मा (विजेमुळे इलेक्ट्रॉन सुटे झालेला, चमकणारा वायू) तुम्ही पाहिलाय. त्यात तापमापक घातला तर वितळेल, शिवाय प्लाझ्माही बिघडेल. म्हणून लेसर.

४.३ मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त किरण आरपार सोडायचा आणि नेमक्या कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश गिळला गेला, ते बघायचं. तापमानानुसार हे प्रमाण बदलतं, म्हणून त्यावरून तापमान काढता येतं. गंमत म्हणजे एकाच वायूची दोन तापमानं निघतात: रेणूंच्या फिरण्यावरून एक, कंपनावरून दुसरं. कमी दाबाच्या, थांबून-थांबून पेटवलेल्या प्लाझ्मात कंपनाचं बरंच जास्त भरतं. हीच कंपनं रेणू तोडायला मदत करतात. वेल्डिंगच्या आर्कमध्ये मात्र सगळंच जवळपास सारखं तापलेलं. ४.७ मायक्रोमीटरजवळ कार्बन मोनॉक्साइड दिसतो, त्यावरून किती रेणू तुटले तेही कळतं.