चार प्रमाणपत्रं आहेत, डिप्लोमा करू का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. एमडी मेडिसिन झालं, इंदुरातच सिनियर रेसिडेंट आहेस, संशोधनात राहायचं आहे, जवळ जीसीपीसकट (रुग्णांवरच्या संशोधनाचे आंतरराष्ट्रीय निकष) चार ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं आहेत, आणि आता क्लिनिकल रिसर्चचा एक महागडा डिप्लोमा करू का असं विचारतेस. ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते.

डिप्लोमा आत्ता करू नकोस. तुझ्या एवढ्या मोठ्या प्रश्नात, तुला नेमकं काय शोधायचं आहे ते कुठेच आलं नाही. आधी ओपीडीत रोज समोर येणारी एक गोष्ट धर आणि तिचा दोन पानी प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिही, कच्चा असला तरी चालेल. पुढे ज्या कार्यशाळेला जाशील तिथे ती दोन पानं सोबत ने. स्वतःचा प्रश्न हातात नसला की शिकवलेलं अंगी लागत नाही. मी हे उशिरा शिकले.

माझ्या थीसिसच्या वेळी आमच्याकडे आधी रुग्ण गोळा करायचे आणि सॅम्पल साइझचं, म्हणजे किती रुग्ण लागतील याचं, गणित शेवटी जुळवून घ्यायचं, अशीच रीत होती. मधुमेहाच्या रुग्णांत पायाची संवेदना कमी झालेले किती, हा विषय. मी ८१ जण तपासले. पेपर पाठवला तो परत आला. परीक्षकाने विचारलं होतं, ८१च का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दीड वर्ष गेलं. त्याहून वाईट म्हणजे त्या माणसांनी उन्हातान्हात येऊन दिलेला वेळ वाया गेला, आणि ते अजून सलतं.

आता गणित बघ. अशा रुग्णांचं प्रमाण साधारण ३० टक्के असेल असा आधीच्या अभ्यासांवरून अंदाज आहे आणि उत्तरात ५ टक्के इकडेतिकडे चालणार आहे असं धर. ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ चा वर्ग गुणिले ०.३ गुणिले ०.७, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३२३. दहातला एक जण मधेच सुटेल असं धरलं तर ३५९. पण १० टक्के इकडेतिकडे चालत असेल तर? ८१. म्हणजे माझा आकडा चुकीचा नव्हताच. किती अचूकता हवी आणि का, हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं, तिथे सगळं गेलं. म्हणून पहिल्या रुग्णाआधी बायोस्टॅटवाल्यांकडे, म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्राच्या लोकांकडे, जा. ते कामात असतात, पण दोन पानं लिहून नेलीस तर वेळ देतात, हा माझा अनुभव आहे.

नोंदणीचंही तसंच. तुझा अभ्यास क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवर उपचाराची चाचणी, असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंद झालीच पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद होत नाही. एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीचं, पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात अर्ज भर. सीटीआरआयवाले शंका काढतात, उत्तरं द्यावी लागतात, त्यात दिवस जातात.

रुग्णाच्या संमतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपण इंदूरचे आहोत. इथल्या औषधचाचण्यांवरून गदारोळ झाला आणि २०१२ साली इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१३ मध्ये चाचणीत इजा झालेल्यांच्या नुकसानभरपाईचे नियम आले, पुढे २०१९ चे नवे औषध व क्लिनिकल ट्रायल नियम. दुर्बल घटकातल्या माणसावर नव्या रेणूची, म्हणजे अगदी नव्या औषधाची, चाचणी असेल तर संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं, आणि गंभीर दुष्परिणाम झाला तर २४ तासांत कळवावं लागतं. जीसीपीच्या परीक्षेत हे चार पर्यायांतून ओळखायचे प्रश्न असतात. आपल्यासाठी ती या शहरातल्या माणसांची गोष्ट आहे.

आपल्याकडे धार, झाबुआ, बडवानीहून रुग्ण येतात. कुणी निमाडी बोलतं, कुणी भिली. कोणाला कोणता उपचार द्यायचा ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार, यासाठी संमतीपत्रात छापलेलं असतं 'यादृच्छिक आवंटन'. हे कोणाला कळणार? मी आता 'चिट्ठी निकालेंगे, जिसमें जो निकले' असं सांगते, आणि मग त्यांनाच विचारते, आता तुम्ही मला सांगा, काय होणार आहे? त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं तरच अंगठा किंवा सही. प्रत्येक नवं पत्र मी आधी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवते. त्या जिथे थांबवतात तिथलं वाक्य बदलते. एथिक्स कमिटीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक सामान्य माणूस नेमलेला असतो तो याचसाठी. त्याच्या शंका नीट ऐक, तिथे खूप शिकायला मिळतं.

शोधनिबंधाच्या लेखकांची नावं पहिल्या दिवशीच कागदावर ठरव. आयसीएमजेईच्या, म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, चारही अटी पूर्ण करणाराच लेखक होतो: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला मंजुरी आणि सगळ्या कामाची जबाबदारी. काम संपल्यावर हे बोलणं फार अवघड जातं.

कुठे शिकायचं? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) चेन्नईच्या संस्थेचा बीसीबीआर, म्हणजे संशोधनाची मूलतत्त्वं शिकवणारा, कोर्स तू एमडीत केला असशीलच. त्याची व्याख्यानं पुन्हा काढ आणि या वेळी तुझा प्रोटोकॉल शेजारी ठेवून ऐक. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाच, निदान संमतीचं प्रकरण. जीसीपी जुन्या आवृत्तीवर झालं असेल तर पुन्हा कर, त्या निकषांची, म्हणजे ई६ ची, तिसरी सुधारित आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली आहे. फरीदाबादच्या सीडीएसए या क्लिनिकल संशोधनाच्या संस्थेची प्रशिक्षणं आणि संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या कार्यशाळा यांच्यावर लक्ष ठेव. संदर्भ सांभाळण्यासाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच संगणकावर घाल.

ड्युटी सांभाळून वेळ कुठून आणायचा, हेही विचारलंयस. मी आठवड्यातली एक सकाळ ठरवली होती, आणि गाइडना तसं सांगून ठेवलं होतं. नाइटनंतरची सकाळ ठेवू नकोस, काही होत नाही.

दोन पानं झाली की मला पाठव, रुग्णांची कुठलीही ओळख त्यात येऊ देऊ नकोस. रविवारी सकाळी मी मोकळी असते. आकड्यांचं गणित आपण दोघी मिळून करू.